भरतीचे वेळापत्रक हाती घेऊन : किनाऱ्यावरच्या पक्षी अभयारण्याची भेट कशी आखावी

किनाऱ्यावरच्या पक्षी अभयारण्यात जायचे ठरले की बहुतेक जण सुट्टीचा दिवस पाहतात, प्रवासाला किती वेळ लागेल याचा हिशेब करतात आणि पहाटे निघतात. रानातल्या पक्ष्यांसाठी एवढी तयारी चालून जाते, कारण तेथे पक्ष्यांचा दिवस उजाडण्या-मावळण्यावर चालतो. खाडीच्या मुखाशी, चिखलपट्ट्यांवर किंवा वाळूच्या दांड्यावर मात्र तो पाण्याच्या चढउतारावर चालतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी अन्न शोधतात आणि भरतीने तो चिखल झाकला की उंचवट्यावर गोळा होऊन विश्रांती घेतात. मग ती वेळ पहाटेची असो, भर दुपारची असो की मध्यरात्रीची. मी पहिल्यांदा अशा ठिकाणी गेलो तेव्हा सूर्योदयाला वेळेवर हजर होतो, आणि समोर पाण्याच्या कडेपर्यंत दूरवर नुसता चिखल पसरलेला होता. पक्षी होते, पुष्कळ होते, पण दुर्बिणीतून ते मोहरीच्या दाण्यांएवढे दिसत होते. तीन-चार तासांनी पाणी चढले आणि तेच थवे आपणहून बांधासमोर येऊन बसले. तेव्हापासून मी दिनदर्शिकेच्या आधी भरतीचे वेळापत्रक उघडतो.

हे वेळापत्रक वाचणे अवघड नाही, मात्र त्यातल्या काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि त्यामुळे उद्याची भरती आजच्यापेक्षा साधारण ५० मिनिटे उशिरा येते. मेक्सिकोच्या आखातातील बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, आणि बाल्टिक समुद्रात तर भरतीचा चढ इतका अल्प असतो की तेथे पाणी पुढे-मागे होण्याला मुख्यतः वाराच कारण ठरतो. वेळापत्रकातील वेळ विशिष्ट बंदरासाठी दिलेली असते. खाडीतून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून अभयारण्य मुखापासून आत असेल तर किती मिनिटे वाढवायची हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे. उंचीचा जो आकडा दिलेला असतो तो एका ठरावीक नीच पातळीपासून मोजलेला असतो. आपल्या पायापाशी तितके खोल पाणी येणार असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी छापील आकड्यापेक्षा वर चढते. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने वाढते, एवढा ढोबळ हिशेब लक्षात ठेवला तरी वादळी हवेत तो उपयोगी पडतो.

पाणी सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारख्या वेगाने चढत नाही, आणि भेटीची वेळ ठरवताना हीच गोष्ट सर्वांत कामाची आहे. दर्यावर्दी लोक त्यासाठी बाराव्या हिश्श्याचा आडाखा वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या एक बारांश पाणी येते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच चढते, आणि याच दोन तासांत चिखलावर पांगलेले थवे भराभर मागे सरकू लागतात. भरतीच्या तीन तास आधी आपल्या जागी पोहोचून बसावे, असे माझे ठाम मत आहे. आपण आधी बसलेलो असलो की पक्षी आपल्याला पाहून किती अंतरावर थांबायचे ते स्वतः ठरवतात. ते आधी बसले असतील आणि आपण मागून गेलो, तर तो निर्णय आपण त्यांच्यावर लादतो. भरतीनंतर दीड-दोन तासांनी, पाणी उतरू लागून चिखलाची पहिली किनार उघडी पडते, तेव्हा विश्रांती घेणारे पक्षी पुन्हा चरायला निघतात. तोही काळ पाहण्यासारखा असतो, म्हणून निघण्याची घाई करू नये.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढउताराची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तेव्हा पाण्याचा चढ व उतार दोन्ही कमी असतात. मध्यम उंचीची भरती नवख्या माणसाला सर्वांत सोयीची, कारण पाणी पक्ष्यांना जवळ आणते पण त्यांचा नेहमीचा थारा बुडवत नाही. भांगाच्या दिवशी चिखलाचा बराच भाग उघडाच राहत असल्याने पक्षी दूरच चरत राहू शकतात. मोठ्या उधाणाला याच्या उलट घडते : वाळूचे दांडे आणि खाजणातले उंचवटे पाण्याखाली जातात आणि थवे मिठागरात, बांधापलीकडच्या तळ्यात किंवा शेतात जाऊन बसतात. अशा वेळी समुद्राकडे तोंड करून थांबण्यापेक्षा बांधाच्या आतल्या बाजूचे पाणथळ तुकडे पाहावेत.

ऋतूची निवड अभयारण्य जगाच्या कोणत्या भागात आहे यावर अवलंबून असते, तरी तिच्यामागचे सूत्र एकच आहे. चिखलात चरणारे तुतवार, चिखले, गॉडविट, नॉट यांसारखे अनेक पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात जून-जुलैमध्ये वीण करतात आणि उरलेले वर्ष प्रवासात किंवा उबदार किनाऱ्यांवर काढतात. वीण आटोपलेले प्रौढ पक्षी जुलैपासूनच दक्षिणेकडे निघतात, आणि त्या वर्षी जन्मलेली पिल्ले बहुतेक जातींत त्यांच्यामागून, वाट दाखवायला कोणी नसताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. मार्च ते मे या काळात परतीचा प्रवास होतो आणि तेव्हा बरेच पक्षी विणीच्या तांबूस-काळ्या रंगात असतात. हिवाळ्यात तेच पक्षी करडे-पांढरे दिसत असल्यामुळे ओळखणे कठीण जाते. जाती शिकायच्या असतील तर वसंत ऋतू निवडावा, आणि मोठे थवे पाहायचे असतील तर प्रवासाचा भर किंवा हिवाळा. रोहित, बगळे, शराटी, कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांचे वेळापत्रक जागोजागी वेगळे असते. ते त्या अभयारण्याच्या माहितीपत्रकातच पाहणे योग्य.

या प्रवासाचा आवाका ध्यानात घेतल्याशिवाय पुढची पथ्ये नुसती नियमावली वाटतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र बसवलेला सुमारे पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्कातून निघाला आणि कोठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर अंतर कापून टास्मानियात उतरला. वाटेत त्याला खाणे नव्हते, पिणे नव्हते. हा पक्षी पाण्यावर उतरून तरंगत विसावणाऱ्यांपैकी नाही. अशा उड्डाणाआधी गॉडविट शरीरात चरबीचा प्रचंड साठा करतात आणि त्यांची आतडी, यकृत यांसारखी इंद्रिये आकसून लहान होतात, जेणेकरून अनावश्यक वजन वाहावे लागू नये. प्रवासाच्या मधल्या थांब्यांवर तो साठा पुन्हा भरायचा असतो, आणि चिखल दिवसातून काही ठरावीक तासच उघडा असतो. त्या तासांत आपण थवा उडवला तर त्याचे चरणे बुडते आणि वर साठवलेली ऊर्जाही खर्च होते; भरतीच्या वेळी थाऱ्यावरून उडवला तर त्याला उतरायला दुसरी जागाच नसते आणि पाणी ओसरेपर्यंत हवेत घिरट्या घालाव्या लागतात. त्यात अशा जागा कमी होत चालल्या आहेत. दक्षिण कोरियात सेमानगमचा ३३.९ किलोमीटर लांबीचा बांध २००६ मध्ये समुद्राला पूर्ण अडवून उभा राहिला आणि पीत समुद्राच्या काठी थांबणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांची संख्या त्यानंतर मोठ्या प्रमाणावर घटली. म्हणून उरलेल्या चिखलपट्ट्यावर एका थव्याला मिळणारी तासभराची स्वस्थता मला चांगल्या छायाचित्रापेक्षा फार मोलाची वाटते.

पक्षी अस्वस्थ झाला आहे हे तो उडण्याच्या बराच आधी सांगतो. ते वाचायला शिकणे ही या भेटीतली पहिली विद्या समजावी. स्वस्थ थवा वाऱ्याकडे तोंड करून बसतो, अनेक पक्षी एका पायावर उभे राहतात आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसतात, कारण उघडे पाय आणि चोच यांतून शरीराची उष्णता बाहेर जात असते. पिसांतल्या चोची बाहेर आल्या, माना ताठ झाल्या, दुमडलेला पाय खाली आला किंवा थव्याची कडा तुमच्यापासून दूर चालू लागली, की तुम्ही गरजेपेक्षा जवळ गेलेला आहात. तेथेच थांबावे, सावकाश मागे यावे आणि मगच दुर्बीण उचलावी. थव्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नये, बांधाच्या माथ्यावर आभाळासमोर उभे राहू नये, आणि कुत्रा सोबत नेऊ नये. साखळीने बांधलेला कुत्राही जमिनीवरच्या पक्ष्यांना शिकारीच वाटतो. ड्रोन आणि ध्वनिमुद्रित हाका पूर्णपणे टाळाव्यात. हे नियम फलकावर लिहिलेले नसले तरी पाळावेत.

निरीक्षण मनोरा किंवा लपणगृह (आड बसून पक्षी पाहण्याची झडपांची खोली) असेल तर त्याचा लाभ घ्यावा, मात्र आत शिरल्यावरही आपण अदृश्य झालो असे समजू नये. झडप सावकाश उघडावी, भिंग किंवा हात खिडकीबाहेर काढू नयेत आणि बोलणे कुजबुजीपुरते ठेवावे. जागा निवडताना सूर्य पाठीशी राहील असे पाहावे. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात समोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो, आणि किनारपक्ष्यांची ओळख तर पायांच्या व पंखांच्या फिकट छटांवर अवलंबून असते. म्हणजे आखणी करताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात : पश्चिमेकडे समुद्र असलेल्या किनाऱ्यावर सकाळी येणारी भरती उत्तम, पूर्वेकडे समुद्र असेल तर दुपारनंतरची. भर दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि त्या वेळी कितीही महागडे भिंग असले तरी दूरचा पक्षी लहरताना दिसतो.

साधनांबाबत थोडक्यात सांगायचे तर ८×४२ची दुर्बीण या कामासाठी पुरते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दहापटीची दुर्बीण जवळ आणते खरी, पण हाताची थरथरही तितकीच वाढवते आणि मोकळ्या किनाऱ्यावर वारा असतोच. घरून निघण्यापूर्वी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. उजवे पुढचे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करावी, मग डावे भिंग झाकून तीच पाटी उजव्या भिंगाजवळच्या कडीने स्पष्ट करावी. त्यानंतर मधले चाक तेवढे फिरवायचे. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दाबून ठेवावेत, नाहीतर निम्मे दृश्य कापले जाते. दूरच्या चिखलासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एकनळी मोठी दुर्बीण) उपयोगी असतो, आणि कुणाकडे तो असेल तर लपणगृहातील इतरांना त्यातून एकदा पाहू द्यावे. मातकट किंवा फिकट हिरव्या रंगाचे कपडे, वारा अडवणारा एक थर, रुंद काठाची टोपी आणि पुरेसे पाणी सोबत असावे. पाण्यावरून परत येणारे ऊन सावलीतही भाजते.

आता प्रत्यक्ष पाहणे. समोर शेकडो करड्या पक्ष्यांचा थवा असतो आणि नवखा माणूस पुस्तकाची पाने उलटू लागतो. त्यात थवा निघून जातो. त्यापेक्षा आधी एकच पक्षी निवडून पाच मिनिटे त्यालाच पाहावे. तो शेजाऱ्यापेक्षा मोठा की लहान, चोच डोक्याच्या तुलनेत किती लांब, ती सरळ, वर वळलेली की खाली वाकलेली, पाय कोणत्या रंगाचे, आणि मुख्य म्हणजे तो खातो कसा? चिखले डोळ्यांनी शिकार करतात : धावतात, थबकतात, टिपतात, पुन्हा धावतात. तुतवार आणि त्यांचे भाईबंद चोच चिखलात खुपसत सलग चालत राहतात. रेड नॉटच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात, आणि ओल्या वाळूत चोच खुपसताना पाण्याच्या दाबात पडणाऱ्या फरकावरून त्याला स्पर्श न करताही पुरलेल्या शिंपल्याचा पत्ता लागतो. कर्ल्यूची लांब, खाली वाकलेली चोच खोल बिळातला खेकडा किंवा किडा काढते, रोहित डोके उलटे करून चोचीतून पाणी गाळतो, आणि लालसर लांब पायांचा शेकाट्या इतरांना न झेपणाऱ्या पाण्यात उभा राहून वरच्या थरातले किडे टिपतो. एकाच चिखलावर इतक्या जाती भांडण न करता कशा राहतात याचे बरेचसे उत्तर चोचींच्या लांबीत आहे, आणि एकदा हे दिसू लागले की ओळख पटवणे आपोआप सोपे होते. कुरवांची ओळख पटली नाही म्हणून मात्र सुरुवातीलाच निराश होऊ नये. मोठ्या जातींच्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षे लागतात आणि दरवर्षी त्यांचे रूप बदलते.

विणीच्या हंगामात पुळणीवर आणि गोट्यांच्या पट्ट्यावर चालणे टाळावे. सुरय आणि चिखले घरटे बांधत नाहीत. वाळूत उथळ खळगा करून त्यात वाळूच्याच रंगाची अंडी घालतात, आणि पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. आईबाप घाबरून दूर राहिले तर उन्हात तापलेल्या वाळूवर अंड्यातला जीव थोड्या वेळात दगावू शकतो. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे चालू लागला तर तो जखमी नसतो, घरट्यापासून तुम्हाला दूर नेत असतो. त्याच्या मागे जाऊ नये, घरटे शोधू नये, ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे फिरावे. सुरय डोक्यावर झेपा घेऊ लागले तरी तेच करावे.

चिखलावर स्वतः उतरू नये, हा सुरक्षेचा मुख्य नियम. चढते पाणी समोरून येते असे आपण मानतो, प्रत्यक्षात ते आधी मागच्या चर आणि नाळ्यांमध्ये शिरते, आणि उंचवट्यावर उभ्या माणसाची परतीची वाट त्याच्या नकळत तुटते. ज्या वाटा खुल्या आहेत त्यांवरही पाणी ओसरत असतानाच जावे आणि ओहोटी संपण्यापूर्वी माघारी यावे. पाय रुतलाच तर ओढाताण न करता मागे झुकून बसते व्हावे, वजन पसरू द्यावे आणि एकेक पाय हळूहळू हलवत मोकळा करावा; मदत लागेल असे वाटताच, पाणी येण्याची वाट न पाहता, फोन करावा. मेलेला किंवा मरगळलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नये. २०२१ पासून बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने अनेक देशांत समुद्रपक्ष्यांच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या आहेत. ठिकाण लिहून घेऊन अभयारण्याच्या कार्यालयाला कळवणे हेच आपले काम.

भेटीची नोंद तेथेच, वहीत करावी : तारीख, वेळ, भरतीची स्थिती, वारा, जाती आणि संख्या. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी एकेक करून मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत भरून घ्यावे, तशा दहा तुकड्यांचा शंभराचा गट कल्पावा आणि तो गट थव्यावरून सरकवत न्यावा. मोठ्या थव्यांचा अंदाज बहुतेकांचा कमीच येतो, म्हणून दोनदा मोजणे बरे. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशी नोंद टाकली की ती संशोधकांपर्यंत पोहोचते, आणि काहीही दिसले नाही अशा दिवसाची नोंदही तितकीच कामाची असते. घरट्याचे किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या थाऱ्याचे नेमके ठिकाण मात्र कोठेही उघड करू नये. छायाचित्राला जोडलेली ठिकाणाची माहितीही काढून टाकावी.

थव्यातल्या पायांकडे एकदा मुद्दाम पाहावे. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची धातूची कडी घालून पद्धतशीर अभ्यास सुरू केला, आणि आज किनारपक्ष्यांच्या पायांत दुरूनही दिसतील अशी रंगीत कडी व छोटे झेंडे घातलेले असतात. पूर्व आशिया ते ऑस्ट्रेलिया या मार्गावर तर झेंड्यांचे रंग आणि त्यांचा वर-खाली क्रम यांवरूनच तो पक्षी कोठे पकडला होता हे कळते. असे कडे दिसल्यास ते पक्ष्याच्या डाव्या पायात आहे की उजव्या, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, रंग वरून खाली कोणत्या क्रमाने आहेत आणि त्यावर अक्षरे कोणती आहेत, हे सर्व लगेच लिहावे. त्यासाठी पक्ष्याजवळ जाऊ नये. तो चालत राहिला की दुसरा पायही दिसतो. क्रम नीट दिसला नसेल तर उरलेला अंदाजाने भरू नये, जेवढे दिसले तेवढेच लिहून नोंद अपुरी आहे असे स्पष्ट म्हणावे आणि ती त्या भागातील पक्षी कडीकरण केंद्राकडे पाठवावी. केंद्राकडून उत्तर आले तर त्यात हा पक्षी कोणत्या वर्षी, कोणत्या किनाऱ्यावर पकडला होता आणि मधल्या काळात कोठे कोठे दिसला याची माहिती असते.